भिंतीवरची पेटी नंतर, वायरिंग आधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विजेवर चालणाऱ्या मोटारींविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येते. एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते, महामार्गावर फास्ट चार्जर कुठे आहेत, हे सगळे त्यात असते. ज्याच्या दारात अशी पहिलीच गाडी येते त्याला मात्र पहिल्याच रात्री वेगळा प्रश्न पडतो. ही लावायची कुठे, कोणत्या तारेवर आणि कोणत्या पेटीतून? उत्तर बहुधा विक्रेताच देतो आणि ते 'जितका मोठा चार्जर तितका चांगला' असे असते. ते उत्तर चुकीचे आहे. त्यापायी लोक पेटीवर नको तितका खर्च करतात, आणि जिथे खर्च करायचा त्या केबल, अर्थिंग व ब्रेकरवर हात आखडता घेतात. म्हणून हा पत्रप्रपंच.

सुरुवात त्या पेटीपासूनच करतो. भिंतीवर लावतात तिला सगळे चार्जर म्हणतात, पण चार्जर ती नव्हेच. घरातल्या एसी विजेचे बॅटरीला लागणाऱ्या डीसीत रूपांतर करणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो. पेटीत असतो एक जाडजूड काँटॅक्टर (विजेनेच चालू-बंद होणारा स्विच), विजेची गळती ओळखणारा सेन्सर आणि गाडीशी बोलणारे छोटे सर्किट. हे बोलणे एका बारीक तारेवरून चालते. पेटी त्या तारेवर १२ व्होल्ट ठेवते. प्लग गाडीत गेला की गाडीतला रोध तो ९ व्होल्टवर आणतो. गाडी वीज घ्यायला तयार झाली की तो ६ व्होल्टवर येतो, तेव्हाच काँटॅक्टर खट् करून बसतो आणि जाड तारांत वीज येते. त्याआधी प्लगच्या पिना निर्जीव असतात, म्हणून योग्य पेटी पावसातही सुरक्षित असते. किती अँपिअर घेता येतील हेही पेटी त्याच तारेवर सेकंदाला हजार स्पंदनांच्या रुंदीतून सांगते : १० टक्के रुंदी म्हणजे ६ अँपिअर, सुमारे २७ टक्के म्हणजे १६, सुमारे ५३ टक्के म्हणजे ३२. पेटी फक्त कमाल मर्यादा सांगते. त्या मर्यादेत किती घ्यायचे हे गाडीतला चार्जर ठरवतो, आणि त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त तो कधीच घेत नाही.

या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने पहिल्या पिढीतल्या बऱ्याच गाडीमालकांचे पैसे वाया गेले. २०१० च्या अखेरीस बाजारात आलेल्या निसान लीफची बॅटरी २४ किलोवॅट-तासांची होती आणि आतला चार्जर ३.३ किलोवॅटचा. त्याच सुमाराची शेव्हर्ले व्होल्टही ३.३ किलोवॅटचीच. म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम १४-१५ अँपिअर. अशा गाडीसाठी ३२ अँपिअरची पेटी लावली तरी ती एक मिनिटही लवकर भरत नाही. गोष्टीला दुसरी बाजूही आहे. २०१३ च्या लीफमध्ये ६.६ किलोवॅटचा चार्जर मिळू लागला. पहिल्या गाडीपुरती पातळ केबल भिंतीत गाडून टाकलेल्यांना दुसऱ्या गाडीच्या वेळी भिंत फोडण्यावाचून इलाज नव्हता. पेटी तासाभरात बदलता येते, पाईपातली आणि जमिनीखालची केबल नाही. पैसा मोजकाच असेल तर पेटी आजच्या गाडीपुरती साधी घ्या आणि केबल पुढच्या गाडीचा विचार करून टाका. एवढ्या पैशांतही जाड केबल बसत नसेल तर निदान पाईप तरी मोठ्या व्यासाचा टाका आणि त्यात ओढतार सोडून ठेवा.

फेजचा सापळा याहून फसवा आहे. २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर १६ अँपिअर म्हणजे ३.७ किलोवॅट आणि ३२ अँपिअर म्हणजे ७.४. थ्री फेजवर १६ अँपिअर म्हणजे ११ किलोवॅट आणि ३२ म्हणजे २२. आता समजा गाडीतला चार्जर ७.४ किलोवॅटचा पण सिंगल फेजचा आहे, आणि मालकाने '११ म्हणजे ७.४ पेक्षा जास्तच' असा हिशेब करून ११ किलोवॅटची थ्री फेज पेटी घेतली. ती पेटी प्रत्येक फेजवर १६ अँपिअरच देणार आणि गाडी एकच फेज वापरणार, म्हणजे मिळणार ३.७ किलोवॅट. मोठा आकडा पाहून घेतलेल्या पेटीवर गाडी निम्म्या वेगाने भरते. म्हणून गाडी घेताना तीन आकडे लिहून घ्यावेत : आतल्या एसी चार्जरची क्षमता किती किलोवॅट, तो किती फेजचा आणि दर फेजला कमाल किती अँपिअर. माहितीपत्रकात ठळक छापलेला ५० किंवा १०० किलोवॅटचा आकडा डीसी फास्ट चार्जिंगचा असतो, घराशी त्याचा संबंध नाही.

मग घरी किती हवे? गाडीची टाकी रोज रिकामी होत नाही. साधारण मोटार शंभर किलोमीटरला १५ ते १८ युनिट घेते. रोजचे ५० किलोमीटर धरले तर बॅटरीतून आठ-नऊ युनिट जातात आणि रूपांतरातली तूट धरून मीटरवर नऊ-दहा पडतात. एवढे भरायला १० अँपिअरवर सुमारे चार तास लागतात, १६ अँपिअरवर अडीच-पावणेतीन, ३२ वर सव्वा तासाच्या आसपास. गाडी रात्री आठ तास दारात उभीच असते. त्या आठ तासांत १६ अँपिअरच्या स्वतंत्र सर्किटवरून दीडशे किलोमीटरांहून अधिक धावेल एवढी वीज आत जाते. रोज दोनशे किलोमीटर फिरणारा, घरात दोन गाड्या असणारा, किंवा ज्याच्या स्वस्त दराच्या विजेची वेळ फक्त तीन-चार तासांची आहे, अशालाच ३२ अँपिअरची खरी गरज असते. बाकीच्यांसाठी १६ अँपिअर हा उत्तम मध्य आहे.

अगदी कमी अँपिअरवर मात्र कायम राहू नये. चार्जिंग चालू असताना गाडीतले संगणक, रिले आणि कधी शीतकरणाचा पंप जागे असतात, आणि बऱ्याच गाड्यांत ते दोन-तीनशे वॅट खातात. ६ अँपिअरवर, म्हणजे १,३८० वॅटवर, यातच सहावा हिस्सा जातो. १६ अँपिअरवर तोच खर्च सात टक्क्यांच्या आसपास येतो. काही गाड्यांत चार्जरच्या रचनेमुळे हा फरक आणखी वाढतो. २०१२ ची रेनो झोई मोटरचीच वेटोळी चार्जिंगसाठी वापरत असे. त्यामुळे ती एसीवरून ४३ किलोवॅटपर्यंत घेऊ शकत होती, पण १० अँपिअरच्या साध्या प्लगवर तिची कार्यक्षमता फार घसरायची, आणि अर्थिंग जरा कमी पडले की ती चार्जिंग नाकारायची.

आता साध्या भिंतीतल्या सॉकेटविषयी. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण घरगुती चार्जिंगमध्ये जळणारी वस्तू बहुतेक वेळा हीच असते. गाडीबरोबर येणारी मध्ये छोटी पेटी असलेली केबल, जिला तांत्रिक मानकात मोड २ म्हणतात, ती वाईट नाही. आठ-दहा अँपिअरवर ती वर्षानुवर्षे चालू शकते. पण ज्या सॉकेटवर गिझर चालतो त्यावर गाडीही चालेल, हे गृहीत धोक्याचे आहे. गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी तोच प्रवाह सहा-आठ तास सलग ओढते. सॉकेटच्या पितळी पात्या, मागचे स्क्रू, भिंतीतला सांधा हे सगळे तासागणिक तापत जातात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १० ऐवजी १६ अँपिअर घेतले की त्याच सांध्यात अडीचपट उष्णता होते. ढिल्या सांध्याचा रोध ०.१ ओहम जरी असला तरी १६ अँपिअरवर तिथे २५ वॅट जिरतात आणि ३२ वर १०० वॅट. तापलेली पाती आपला ताण गमावते, पकड ढिली होते, रोध वाढतो आणि पात्या आणखी तापतात. याची खूण म्हणजे प्लगभोवती पिवळसर-तपकिरी झालेले प्लास्टिक आणि गरम बेकेलाइटचा वास. पहिल्या दिवशी तासाभराने आणि मग तीन तासांनी प्लगला हात लावून पाहावा. कोमट चालेल. बोट ठेवून राहवत नसेल तर चार्जिंग थांबवावे आणि तो सॉकेट बदलेपर्यंत पुन्हा लावू नये.

यापेक्षा नेमकी चाचणी जाणकार वायरमन दहा मिनिटांत करून देतो. गाडी न लावता सॉकेटवरचा व्होल्टेज मोजायचा, मग गाडी १० अँपिअरवर लावून पुन्हा मोजायचा, आणि दोन्ही वेळी मेन बोर्डावरही मोजायचा. समजा सॉकेटवर २३१ चे २१९ झाले, म्हणजे १२ व्होल्ट उतरले. मेन बोर्डावर ३ व्होल्ट उतरले असतील तर तेवढा भाग बाहेरच्या लाइनचा. उरलेले ९ व्होल्ट घरातले, आणि १० अँपिअरवर ९ व्होल्ट म्हणजे ९० वॅट. तिथपर्यंत २.५ चौरस मिमीची २० मीटर तार असेल तर तिच्या लांबीभर ३ व्होल्ट उतरणे स्वाभाविक आहे, त्याची उष्णता पसरलेली असते. पण राहिलेले ६ व्होल्ट, म्हणजे ६० वॅट, दोन-तीन सांध्यांत एकवटलेले आहेत. भिंतीत सोल्डरिंगची इस्त्री रात्रभर चालू ठेवल्यासारखेच ते आहे. असा सांधा शोधून नव्याने केल्याशिवाय गाडी लावू नये.

एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच. रीळवर गुंडाळलेली केबल त्याहून वाईट, कारण आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडायला वाट नसते आणि इन्सुलेशन मऊ होऊन एकमेकांत चिकटते. मोड २ ची पेटी प्लगला लोंबकळत ठेवली तरी तिच्या वजनाने पात्या एका बाजूला ओढल्या जातात. तिला भिंतीवर एक हुक करून द्यावा.

कायमच्या पेटीसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र सर्किट काढावे, ज्यावर दुसरे काहीही नाही. ३२ अँपिअर, ३० मीटर अंतर आणि तांब्याची केबल असे धरले तर ४ चौरस मिमीत सुमारे ९ व्होल्ट उतरतात आणि २८० वॅट उष्णता होते. ६ चौरस मिमीत ६ व्होल्ट व १९० वॅट. १० चौरस मिमीत साडेतीन व्होल्ट व ११० वॅट. वीजबिलात हा फरक लहान आहे. महत्त्व उष्णतेचे आहे. मोकळ्या भिंतीवरून क्लिपने नेलेली ६ चौरस मिमीची केबल ३२ अँपिअरला पुरते. तीच पाईपात, उन्हात तापणाऱ्या भिंतीत किंवा इतर केबलींच्या जुडग्यात घातली तर तिची क्षमता घटते, आणि तिथे १० घ्यावी. पेटी आज १६ अँपिअरची असली तरी माझ्या मते ६ पेक्षा कमी टाकूच नये.

ब्रेकरच्या बाबतीत वारंवार होणारी चूक अशी : ३२ अँपिअरची पेटी म्हणून ३२ चाच एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा ब्रेकर. एमसीबीचा आकडा ३० अंश सेल्सिअसला ठरवलेला असतो. बंद डब्यात, शेजारी दुसरे तापलेले एमसीबी, बाहेर उन्हाळा, अशा स्थितीत तो सलग ३२ अँपिअरवर दोन-अडीच तासांनी पडतो. मालक गाडीला दोष देतो, वायरमन पेटीला. उत्तर अमेरिकेच्या वायरिंग नियमांत सलग भाराच्या १२५ टक्के क्षमतेचे सर्किट धरतात, म्हणजे ३२ ला ४०. तोच हिशेब शहाणपणाचा आहे, पण मग केबलही निदान ४० अँपिअर पेलणारी हवी. ब्रेकर पडतो म्हणून केबल तशीच ठेवून नुसता मोठा ब्रेकर बसवला तर केबलचे संरक्षणच निघून जाते.

सांध्यांत हलगर्जी नको. बहुतारी केबलच्या टोकाला योग्य मापाची फेरूल किंवा लग (धातूची टोपी) पकडीने दाबून बसवावी. टोकाला सोल्डर पाजून ते स्क्रूखाली दाबण्याची जुनी सवय इथे घातक ठरते, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरते आणि स्क्रू आपोआप ढिला होतो. उत्पादकाने दिलेल्या टॉर्कइतकेच टर्मिनल आवळावे आणि महिन्याभराने, मेन बंद करून, एकदा तपासावे. येणारी सर्व्हिस केबल ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याशी थेट पीळ मारू नये, बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबे असलेला जोड) वापरावा.

गळती ओळखणाऱ्या आरसीसीबीकडे सर्वांत कमी लक्ष जाते. घरात बहुधा 'एसी' प्रकारचा असतो. गाडीच्या आत डीसी तयार होत असल्याने बिघाडाच्या वेळी अर्थमध्ये सरळ डीसी गळू शकते. त्या डीसीने आरसीसीबीतला लोखंडी गाभा संपृक्त होतो, म्हणजे त्याला गळती जाणवेनाशी होते, आणि मग खरोखर माणसाला धक्का बसत असतानाही तो पडत नाही. दिसायला सगळे ठीक, आणि संरक्षण शून्य. 'ए' प्रकारचा ६ मिलिअँपिअरपर्यंतची डीसी सोसतो. त्यामुळे दोनच पर्याय राहतात. पेटीतच ६ मिलिअँपिअर डीसी ओळखून तोडणारी सोय असेल तर तिच्या आधी ३० मिलिअँपिअरचा 'ए' प्रकार पुरतो. ती नसेल तर 'बी' प्रकारचा लावावा, जो महाग असतो. पेटीच्या माहितीपत्रकात ही ६ मिलिअँपिअरची ओळ शोधावी. ती सापडली नाही तर नाही असेच समजावे. 'बी' प्रकार लावला तर तो घराच्या जुन्या आरसीसीबीच्या मागे जोडू नये, मेनवरून वेगळा घ्यावा. नाहीतर ती डीसी त्या जुन्या आरसीसीबीला आंधळे करतेच. आरसीसीबीचे टेस्ट बटण तीन-चार महिन्यांनी दाबून पाहावे.

अर्थिंगविषयी तडजोड नाही. मोड २ ची केबल लाल दिवा दाखवते आणि चार्जिंग सुरू होत नाही, तेव्हा बहुतेक वेळा ती अर्थ सापडत नसल्याचे सांगत असते. काही केबली फेज आणि न्यूट्रल उलटे असले तरी अडतात. अशा वेळी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थला एक तुकडा जोडून केबलला फसवण्याचा 'उपाय' सांगितला जातो. कृपया कोणीही तो करू नये. त्या जोडणीनंतर कधी न्यूट्रल तुटला तर मोटारीची संपूर्ण बॉडी जिवंत होते, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून दार उघडणाऱ्याचा जीव जातो. काही ठिकाणी पुरवठादाराची एकच तार न्यूट्रल व अर्थ या दोन्हींचे काम करते. तिथे हाच धोका रस्त्यावरची तार तुटल्यानेही येतो, म्हणून पेटीला वेगळा अर्थ इलेक्ट्रोड किंवा अशी तूट ओळखून सर्व तारा तोडणारी पेटी लागते. इलेक्ट्रोडचा रोध अर्थ टेस्टरने मोजावा, फेज आणि अर्थमध्ये बल्ब पेटवून नव्हे. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला कागदोपत्री हजार-दीड हजार ओहमही चालतात, पण माती सुकली की असा रोध कुठल्या कुठे जातो. शंभर ओहमच्या आत ठेवावा. जनित्र किंवा घरगुती इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होत नाही याचेही एक कारण हेच : न्यूट्रल अधांतरी असतो आणि पेटीला अर्थ सापडत नाही.

एवढे झाले की पेटी निवडणे सोपे आहे. केबल कायमची जोडलेली घ्यावी की सॉकेटवाली? रोज एकच गाडी लावणार असाल तर जोडलेली बरी, डिकीतून केबल काढणे-ठेवणे वाचते. सॉकेटवालीत केबल आपली असते, जुन्या टाइप १ प्रकारच्या प्लगच्या गाडीला, एका टोकाला टाइप २ आणि दुसऱ्या टोकाला टाइप १ प्लग असलेली केबल लावून तीच पेटी चालते. मात्र केबलच्या प्लगमध्येच तिची क्षमता सांगणारा रोध असतो : ६८० ओहम म्हणजे २० अँपिअर, २२० म्हणजे ३२. पेटी ३२ ची असूनही गाडी २० वरच अडते याचे उत्तर अनेकदा या स्वस्त केबलीत सापडते. केबलची लांबी ठरवण्याआधी गाडीचे चार्जिंगचे तोंड कुठे आहे ते पाहावे. लीफचे नाकावर असते, इतर कित्येकांचे मागच्या चाकाच्या वर. गाडी सुलटी आणि उलटी अशी दोन्हीकडून लावून दोराने माप घ्यावे आणि त्यात एक मीटर वाढवावा. पाच मीटर पुष्कळदा अपुरी पडते, सात पुरते. उरलेली केबल चार्जिंग चालू असताना गच्च गुंडाळून ठेवू नये, सैल सोडावी.

उघड्यावर लावायची पेटी निदान आयपी ५४ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) ची हवी, केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून, आत जावी, आणि ग्लँडच्या आधी केबलला खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी तिथून गळून जाते. दुपारच्या उन्हात तापणाऱ्या भिंतीवर पेटी आपला प्रवाह स्वतःच कमी करते, म्हणून सावलीची भिंत निवडावी. मोबाइल ॲपचा हट्ट धरू नये. उत्पादकाचा सर्व्हर बंद पडला तरी जी पेटी प्लग लावताच चालते तीच घ्यावी. ॲपपेक्षा एक सोय मोलाची आहे. मेन केबलभोवती बसवायचा करंट सेन्सर, जो घराचा एकूण भार पाहून गाडीचा प्रवाह खाली-वर करतो. मंजूर भार मर्यादित असेल तर या सेन्सरमुळे तो वाढवून घेण्याची गरजच पडत नाही. छतावरच्या सौरऊर्जेतून उरलेली वीज गाडीत घालायची असेल तर लक्षात ठेवावे की ६ अँपिअरच्या खाली चार्जिंग होतच नाही. म्हणजे सिंगल फेजवर निदान १.४ किलोवॅट शिल्लक हवी. ढगाळ दिवशी काँटॅक्टर सारखा चालू-बंद होऊ नये म्हणून पेटीत काही मिनिटांचा विलंब लावता येतो का, हेही विचारावे.

पहिल्या महिन्यात आणखी एक तक्रार हमखास येते : रात्री लावली, सकाळी रिकामीच. बहुधा वेळापत्रक गाडीतही लावलेले असते आणि पेटीतही. दोघे एकमेकांची वाट पाहतात. वेळ एकाच ठिकाणी लावावी, शक्यतो गाडीत. आणि चार्जिंग थांबवताना एमसीबी पाडू नये. आधी गाडीतून थांबवावे, मग प्लग काढावा, म्हणजे काँटॅक्टरच्या टोकांवर ठिणगी बसत नाही.

बॅटरीच्या दृष्टीने रोज ८० टक्क्यांपर्यंत भरून शंभर टक्के फक्त लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री, तेही निघण्याच्या जरा आधी पूर्ण होईल असे लावणे चांगले. भरलेली बॅटरी उन्हात तासन्‌तास उभी राहणे तिला सोसत नाही. पहिल्या लीफच्या बॅटरीला द्रवशीतकरण नव्हते आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उष्णतेत क्षमता घटल्याच्या तक्रारी आल्या त्या यामुळेच. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला मात्र उत्पादक अधूनमधून शंभर टक्के भरायला सांगतात, कारण त्याशिवाय शिल्लक चार्ज नीट मोजता येत नाही. तिथे पुस्तिका सांगेल तसे करावे. जुनी लीफ घेणाऱ्याने पडद्यावरच्या क्षमतेच्या बारा पट्ट्या मोजाव्यात. त्यातली पहिली पट्टी जाते तेव्हाच सुमारे १५ टक्के क्षमता गेलेली असते. अशी कमी झालेली बॅटरी १० अँपिअरवरही रात्रभरात भरत आल्यासारखी असते, तिला मोठी पेटी नकोच.

अपार्टमेंटच्या वाहनतळाबद्दल दोन शब्द. दहा गाड्या म्हणजे दहा गुणिले ७.४, म्हणजे ७४ किलोवॅट, असा हिशेब मांडून इमारतीची समिती घाबरते आणि परवानगीच नाकारते. खरा हिशेब युनिटचा करावा. दहा गाड्यांना रात्री प्रत्येकी दहा युनिट म्हणजे शंभर युनिट, आठ तासांत विभागले तर सरासरी साडेबारा किलोवॅट. ६३ अँपिअरच्या एका थ्री फेज फीडरवर, म्हणजे सामाईक मुख्य केबलवर, ४३ किलोवॅट मिळतात. प्रवाह आपापसांत वाटून घेणाऱ्या पेट्या असतील तर त्यावर दहाच नव्हे, वीस गाड्याही सुखाने भरतात. अट एवढीच की पहिल्या मालकाने स्वतःपुरती वेगळी लांबलचक केबल ओढण्याआधी सर्वांसाठी एक जाड फीडर आणि केबल ट्रे टाकला जावा, आणि सगळ्या पेट्या एकमेकींशी बोलू शकतील अशा, एकाच मानकाच्या असाव्यात. प्रत्येक पेटीला स्वतःचा मीटर असला की बिलाचे भांडणही राहत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. नव्या गाडीची ओळख करून देताना आपण किंमत व पल्ल्याशेजारी पाच गोष्टी छापाव्यात : आतल्या एसी चार्जरचे किलोवॅट, तो किती फेजचा, सोबत येणारी केबल किती अँपिअरची आणि तिचा प्रवाह कमी करता येतो का, चार्जिंगचे तोंड गाडीच्या कोणत्या बाजूला आहे, आणि बॅटरी कोणत्या रसायनाची आहे. गाडी ताब्यात घेण्याच्या आधीच वायरमनला बोलावून हे आकडे त्याच्या हातात देता येतील.

आपला,
एक विद्युत अभियंता